लक्ष्मीचा मोबाईल नंबर

तुमचं काम नेमकं काय, असं नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला लोकांनी विचारलं आणि प्रत्येक वेळी मी वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर असं : शाहूपुरीतल्या एका माडीवर बसून मी दुकानदारांना फोनवर सांगत असे की, तुमच्या समोर पडद्यावर जे लिहिलंय ते एकदा वाचा. निम्म्या अडचणी तेवढ्यानं सुटत. उरलेल्या निम्म्या वाचल्यामुळं सुरू होत.

आमच्या सॉफ्टवेअरचं नाव ‘चोख’. छोट्या दुकानांचा खरेदी-विक्रीचा हिशेब, मालाचा साठा, कराची बिलं, असं सगळं त्यात बसवलेलं. ते तयार व्हायचं पुण्याला, विकलं जायचं कोल्हापुरात आणि त्याच्याबद्दलच्या शिव्या यायच्या माझ्या टेबलावर. कर बदलला, सरकारचा नवा नियम आला किंवा पुण्यातल्या कोणाला नुसताच कंटाळा आला, की ‘अपडेट’ यायचं. अपडेट म्हणजे काय, हे मी नव्या गिऱ्हाइकाला असं समजावत असे : तुम्ही झोपलेले असताना कुणी तरी येऊन तुमच्या दुकानातली मांडणी बदलून जातं आणि सकाळी तुम्ही साखरेच्या डब्यात हात घातला की तिथं साबण असतो. वर पाटी असते, ‘आपल्या सोयीसाठी’.

शाहूवाडीकडचे एक भातगिरणीवाले होते. त्यांच्या पडद्यावर रोज प्रश्न यायचा, ‘नवीन आवृत्ती आली आहे. आता घ्यायची की नंतर?’ ते इमानानं ‘नंतर’ दाबायचे. अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस त्यांचा फोन आला.

“म्याडम, ह्येला मी रोज नंतर म्हणून सांगतोय, तरी रोज सकाळी उठून इचारतंय. पोरीच्या लग्नाचं एवढं पावण्यांनीबी इचारलं न्हाय. तुमचं ऐकंल ते. जरा समजावून सांगा की.”

खंडेनवमीला आमच्या भागात हत्यारांची पूजा होते आणि दुकानदाराचं हत्यार आता संगणक. त्यानंतरचे काही दिवस मला फोनवर हळद, कुंकू आणि अक्षता सोडून विषय नसायचा. एका हार्डवेअरवाल्याला मी नेहमीसारखं विचारलं, “पडद्यावर काय दिसतंय?”

“झेंडू.”

“झेंडू बाजूला करा आणि वाचा.”

“पूजा हाललेली न्हाय अजून. उद्या वाचतो.”

माझ्यापुढं त्याहून मोठी अडचण होती ती माझ्या आवाजाची. तो बाईचा होता. बरेच लोक माझं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “बरं, आता सायबास्नी द्या.” आमचे मालक माळीसाहेब. माणूस सज्जन, ‘चोख’ विकायला हुशार, वापरायला नाही. ते फोन घ्यायचे, गंभीरपणे “हं, हं” करायचे, फोनवर हात ठेवून मला विचारायचे, “काय सांगू?” मी सांगायची. ते तेच शब्द जाड आवाजात सांगायचे आणि पलीकडून उत्तर यायचं, “बघा, असं नीट सांगितलं की कळतंय.”

या पद्धतीचे सर्वांत निष्ठावंत गिऱ्हाईक म्हणजे आण्णासो मगदूम. शाहूपुरीत त्यांचं मगदूम पशुखाद्य भांडार. सरकी पेंड, भुसा, मक्याचा भरडा. आण्णासोंचा देह पोत्यांच्या थप्पीला शोभेल असा, आणि आवाज तर फोनची गरज नसलेला. त्यांचं दुकान आमच्या माडीपासून दोनच गल्ल्या पलीकडं होतं आणि वारा बरोबर असला तर मला ते फोनशिवायही ऐकू यायचे. त्यांच्याकडं जुने दिवाणजी होते, वसंतराव. आमच्या व्यापारी पेठेत हिशेब लिहिणाऱ्याला दिवाणजी म्हणतात. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी वही आणि निळ्या शाईचं पेन ही त्यांची इस्टेट.

या घरात सून आली, स्नेहल. बी. कॉम. नवऱ्याला एमआयडीसीत फाउंड्रीतली नोकरी प्यारी. पेंडीच्या वासानं त्याला शिंका यायच्या. स्नेहलला यायच्या नाहीत. ती दुकानात येऊन बसायला लागली, तिनं हट्टानं ‘चोख’ घ्यायला लावलं आणि रोज मला फोन करून ते शिकली. तिनं कधी साहेबांना मागितलं नाही. सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि “मामांना कळू देऊ नका, पण” असं तिच्या बऱ्याच वाक्यांचं तोंड असायचं.

आण्णासोंनी संगणकाला परवानगी दिली ती एका अटीवर. ती अट ही या हकीकतीची मेख आहे, म्हणून नीट सांगते. कायद्याचं हिशेबी वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं; शाहूपुरीचं दिवाळीच्या पाडव्याला. ही दोन वर्षं एकमेकांकडं न बघता एका घरात नांदतात. पाडव्याला मुहूर्तावर नवी वही उघडायची आणि पेठेच्या जुन्या रिवाजाप्रमाणं पहिल्या ओळीत लिहायचं, ‘श्री लक्ष्मी, जमा सव्वा रुपया’. त्याच्याआधी दुसऱ्या कुणाचं नाव नाही. आण्णासो सुनेला म्हणाले, “तुझ्या यंत्रानं पाडव्याला पयली वळ घेतली, तर बस दुकानात. न्हाय घेतली, तर वही हाय, दिवाणजी हायत, आन् तुला घरात काम काय कमी न्हाय.”

मला ती अट अगदी सोपी वाटली. लक्ष्मीच्या नावानं खातं उघडायचं, सव्वा रुपया जमा करायचा. साबुदाणा भिजवण्याइतकं काम.

त्याच दिवाळीच्या आधी पुण्याच्या कंपनीनं ‘चोख’च्या नव्या आवृत्तीचा लोकार्पण सोहळा केला. लोकार्पण हा शब्द पूर्वी पुलांसाठी राखून ठेवलेला असे. एका हॉटेलच्या थंडगार दालनात समई ठेवली होती. वरच्या थंड हवेच्या यंत्राच्या झोतात तिची एकही वात टिकेना. शेवटी पडद्यावर समईचं चित्र आणून ते कळ दाबून पेटवण्यात आलं. टाळ्या भरपूर पडल्या. पुण्याहून आलेल्या तरुण अधिकाऱ्यानं भाषणात सांगितलं, “अपूर्ण ग्राहक म्हणजे अपूर्ण धंदा.” या वाक्याचा अर्थ मला कळला नाही, पण ते आम्हाला वाटलेल्या पिशवीवर छापलेलं होतं. ती पिशवी मी अजून भाजीला वापरते. अर्थ पाडव्याला कळला.

सुट्टीच्या दिवशी फोन उचलायचा नाही असा नियम मी स्वतःसाठी केला होता. पाडव्याच्या सकाळी तो मोडला.

“ताई, सणाच्या दिवशी त्रास देतेय,” स्नेहल कुजबुजत होती. “काल अपडेट झालं आणि आता लक्ष्मी घेत नाहीये.”

“काय म्हणतंय?”

“ग्राहकाची माहिती अपूर्ण आहे म्हणतंय. तीन लाल चांदण्या आहेत. पत्ता, राज्य आणि मोबाईल.”

मागून आण्णासो गरजले, “कुणाचा पत्ता मागतंय?”

“लक्ष्मीचा, मामा.”

“तिचा पत्ता ह्येंला कशाला पायजे?”

प्रश्न रास्त होता. मी स्नेहलला फोन मोठ्या आवाजावर टाकायला सांगितलं. आता मला दुकानातला घंटेचा आवाज, उदबत्तीमुळं कुणाला तरी येणारा खोकला आणि आण्णासोंचा श्वासोच्छ्वास, सगळं ऐकू येत होतं.

“काही तरी पत्ता घाला,” मी म्हणाले. “मोकळं सोडता येत नाही.”

“क्षीरसागर,” दिवाणजी म्हणाले. ते पोथ्या वाचलेले होते.

“आवं, क्षीरसागर तिचं म्हायेर झालं,” आण्णासो म्हणाले. “बाई नांदायला कुठं हाय ते घालत्यात. दुकानाचा पत्ता घाल.”

“दुकानाचा कशापायी?” हा नवा आवाज आण्णासोंच्या पत्नीचा, स्नेहलच्या सासूबाईंचा. “घराचा घाल. घरात नको व्हय ती?”

“दुकानात आली तर घरात येती.”

“घरातनं गेली तर दुकानात काय करशीला?”

नवरा-बायकोचा हा वाद तसा घरात नेहमीचा असावा. त्यात आज फक्त देवी ओढली गेली होती. मुहूर्त सरत होता. मी सुचवलं की आम्ही मालाला करतो तसं करावं : बिलाचा पत्ता दुकान, पोच करण्याचा पत्ता घर. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती. दोघंही गप्प झाले. आयुष्यात सॉफ्टवेअरनं सोडवलेला हा एकच संसारी तंटा मी पाहिला.

“राज्य कुठलं घालू?” स्नेहल.

“वैकुंठ हाय का यादीत?” दिवाणजी.

“नाही. भारतातली राज्यं आहेत, आणि शेवटी ‘परदेश’.”

“परदेश नगं,” आण्णासो घाईनं म्हणाले. “आयात धरत्याल. वर कर बसंल.”

लक्ष्मी महाराष्ट्राची झाली. राहिला मोबाईल. इथं नियम असा, की दहा आकडी खरा नंबर हवा आणि एका दुकानात एक नंबर एकाच नावाला. आण्णासोंचा मालक म्हणून आधीच आत. स्नेहलचा, दिवाणजींचा, मुलाचा, सगळ्यांचे कुठं ना कुठं नोंदलेले. सासूबाईंना फोनच नव्हता. दहा शून्यं घालून बघितली. सॉफ्टवेअर म्हणालं, ‘कृपया वैध क्रमांक द्या’. पुण्याच्या त्या भाषणवाल्या पोरानं हे भोक नेमकं बुजवलं होतं.

“राहू दे पोरी,” आण्णासोंचा आवाज एकदम खाली आला. त्यांचा चढा आवाज परवडला. “तू लई केलंस. पर ज्येला लक्ष्मीच चालत न्हाय, त्यो हिशेब आपल्याला काय चालायचा? दिवाणजी, काढा वही.”

पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज मी फोनवर ऐकला. टक्. इतका बारीक आवाज इतका स्पष्ट कसा आला ते मला सांगता येणार नाही. स्नेहलनं फोनचा मोठा आवाज बंद करून तो कानाला लावला.

“माझा नंबर घाल,” मी म्हणाले.

“तुमचा?” ती कुजबुजली.

“घाल. कुणाला कळतंय.”

तिनं घातला. पहिली ओळ झाली. घंटा जोरात वाजली, सासूबाईंनी कुणाला तरी पेढा खायला लावला आणि माझ्या हातातला मोबाईल थरथरला. संदेश आला होता :

‘माननीय श्री लक्ष्मी, मगदूम पशुखाद्य भांडारात आपले स्वागत आहे. आपली नोंद क्रमांक १ झाली. नोंद करणार : आण्णासो मगदूम, मालक.’

शेवटची ओळ समजावून सांगायला हवी. ‘चोख’मध्ये जो नोंद करतो त्याचं नाव नोंदीबरोबर आपोआप जातं. त्यासाठी प्रत्येकाला स्वतःच्या नावानं आत शिरावं लागतं. स्नेहलच्या नावानं तसा प्रवेश काढ, असं मी तिला कितीदा तरी सांगितलं होतं. “मामांना विचारते,” ती म्हणायची आणि विचारायची नाही. ती वर्षभर सासऱ्यांच्या नावानं आत शिरत होती. दुकानातली प्रत्येक नोंद तिनं केलेली आणि प्रत्येक नोंदीखाली नाव त्यांचं. निदान त्या दिवशी बसायला जागा मिळाली, एवढ्यावर ती खूश होती. आण्णासोंनी वर्षाची मुदत दिली. पुढच्या पाडव्याला दिवाणजी काम सोडून गावी जाणार होते; तेव्हा ठरवायचं की गादीवर नवे दिवाणजी आणायचे, वही चालू ठेवायची, की सुनेला बसवायचं.

इकडं माझं देवीपण सुरू झालं.

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा उतरवला. भिंतीवर दोन तसबिरी आणि कपाटात पुस्तकं, यावर मी वाढले. त्यामुळं लक्ष्मी होण्याचा मला कसलाही घरगुती अनुभव नव्हता. आता आठवड्याला संदेश यायचे. ‘माननीय श्री लक्ष्मी, आपल्या जनावरांच्या दुधात फॅट वाढवण्यासाठी खास सरकी पेंड.’ पुढं पुढं त्यांचा सूर हळवा झाला. ‘बऱ्याच दिवसांत आपण खरेदी केलेली नाही. आम्हाला आपली आठवण येते.’ व्यापाऱ्यानं लक्ष्मीला लिहावं असं याहून प्रामाणिक वाक्य मी वाचलेलं नाही. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, “मग या महिन्याचा किराणा तूच भर.”

गोष्ट एका दुकानापुरती राहिली असती तर मी हे लिहिलंच नसतं. पण पाडव्याची पहिली ओळ सगळ्याच जुन्या दुकानांत अडली होती. स्नेहलनं एका मैत्रिणीला उपाय सांगितला, तिनं दुसरीला. नंबर दुकानागणिक एकदाच चालायचा. दुकानं मात्र कितीही. हार्डवेअर, किराणा, भांडी, मंगळवार पेठेतले एक फर्निचरवाले, सगळ्यांनी माझा नंबर लक्ष्मीला दिला. कुणाचा आहे हे बहुतेकांना ठाऊकही नव्हतं. देवीचा नंबर म्हणून तो हातोहात फिरला. एका दुपारी अनोळखी फोन आला.

“हॅलो,” मी म्हणाले.

पलीकडं कुणी तरी घसा खाकरला. मग एक म्हातारा आवाज : “काय न्हाय. लागतोय का बघत हुतो.”

“लागला.”

“बरं,” तो म्हणाला आणि ठेवला.

एक गोष्ट मी तेव्हा कुणाला बोलले नाही. याच पेठेत माझ्या आजोबांना दुकानाच्या पायरीखाली उभं राहून सामान मागावं लागे. पुडी वरून टाकली जाई. त्याच दुकानांच्या हिशेबात पहिल्या ओळीला आता माझा नंबर होता. यातून काही सिद्ध होत नाही. झाला प्रकार म्हणजे पुण्याच्या एका पोरानं लाल चांदण्या जास्त लावल्या, इतकाच. पण मला मजा आली नाही असं म्हणणार नाही.

उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. माळीसाहेबांनी शाल, श्रीफळ आणि भाषण दिलं. भाषणात अडले तेव्हा सवयीनं माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, “काय सांगू?” मी सांगितलं. माझ्या निरोपाच्या भाषणाचा शेवट असा मीच केला.

मग पुढचा पाडवा. मंगळवार पेठेतल्या घरी मी निवांत चहा घेत बसले होते आणि मोबाईल थरथरला. ‘माननीय श्री लक्ष्मी, आपल्या क्रमांकाच्या पडताळणीसाठी ओटीपी.’ पुढं सहा आकडे. खाली ताकीद, हा अंक कुणालाही सांगू नये. तो वाचेपर्यंत दुसरा आला. मग तिसरा. मग फोन टेबलावर आपोआप सरकू लागला.

पुण्यानं पुन्हा अपडेट पाठवलं होतं. आता नंबर नुसता असून भागत नव्हतं. नव्या वर्षाच्या पहिल्या नोंदीआधी तो ग्राहकाचाच आहे याची खातरजमा हवी. नंबर बदलायचा म्हटलं, तरी अंक जुन्याच नंबरवर येणार. शाहूपुरीतल्या निम्म्या दुकानांत घंटा वाजवून, उदबत्ती लावून, माणसं नेसून-सवरून संगणकासमोर उभी होती आणि लक्ष्मी मंगळवार पेठेत चहा पीत होती.

त्यांनी तो नंबर फिरवायला सुरुवात केली. एकाला अंक सांगत असताना बाकीच्यांचे फोन आपटत होते आणि त्यांच्या अंकांची मुदत संपत होती. “हॅलो, लक्ष्मी का? आमचा नंबर सांगा, भटजी थांबल्यात.” “कुठलं दुकान तुमचं?” “देवीला म्हाईत नसंल व्हय?” नवऱ्यानं माझ्या हातातला कप काढून घेतला आणि कागद-पेन्सिल दिली.

या गोंधळात मगदुमांचाही अंक येऊन मेला असणार, हे माझ्या लक्षात आलं. स्नेहलला माझा फोन लागत नसणार. तिकडं दिवाणजी जायच्या आधी शेवटचे बसले असतील, मांडीवर नवी वही घेऊन. मी येणारे सगळे फोन कापले, नवऱ्याचा मोबाईल घेतला आणि मगदुमांच्या दुकानातला जुना फोन लावला. उचलला आण्णासोंनी.

“कोण?”

“मी कांबळे बोलते, ‘चोख’मधली. लक्ष्मीचा अंक,”

“सायबास्नी द्या.”

“साहेब सुट्टीवर आहेत. आणि साहेबांना यातलं काही येत नाही. कधीच येत नव्हतं. ते मला विचारून तुम्हाला सांगायचे.”

एवढं बोलायला मला निवृत्त व्हावं लागलं.

“आन् लक्ष्मीचा नंबर तुमच्याकडं कसा?”

“तो नंबर माझाच आहे. गेल्या पाडव्याला मीच घालायला लावला. नाही तर नोंद होत नव्हती.”

आता पलीकडं जी शांतता पडली ती मी ओळखत होते. आडनाव सांगितल्यावर या गावात पडते, तिची लांबी मला लहानपणापासून ठाऊक आहे. मागं घंटा वाजायची थांबली होती.

“म्हंजे,” आण्णासो सावकाश म्हणाले, “वरीसभर आमचे पेंडीचे मेसेज तुमास्नी येत हुते?”

“हो.”

“आठवड्याला?”

“आठवड्याला.”

“आन् एकदाबी पोतं उचललं न्हाय तुमी? आठवण येती म्हणून लिवलंतं की आमी!”

“माझ्याकडं जनावर नाही, आण्णासो.”

“ते मेसेज लिवणारीला सांगायचं! सूनबाई, ऐकलंस का? लक्ष्मीकडं म्हस न्हाय!” आणि ते हसले. आधी ते, मग सासूबाई. मग खोकत खोकत दिवाणजी. “बरं, ते ऱ्हाऊ दे. नंबर सांगा बाई, येळ चाललीया.”

मी आण्णासोंकरवी स्नेहलला पुन्हा अंक मागवायला सांगितला. तो आला. मी एकेक आकडा सांगितला आणि आण्णासोंनी तो बाजारात भाव पुकारतात तसा पुकारला; फोन ठेवला असता तरी मला ऐकू आला असता. शेवटचा आकडा झाला. स्नेहल म्हणाली, “घेतला.” मग, “मामा, आता नोंद करणार कोण ते नव्यानं विचारतंय. तुमचंच नाव घालू ना?”

आणि आण्णासोंनी फोन ठेवला. त्यांची ती सवयच. स्वतःचं काम झालं की दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही.

मी माझा मोबाईल हातात घेऊन बसले. त्यावर भांडीवाले, फर्निचरवाले, सगळे एकामागोमाग येत होते. मी एकाचाही फोन उचलला नाही. मुहूर्त सगळ्यांचेच चालले होते, हे मला कळत होतं. देवीनं असा पक्षपात करावा की नाही हे पोथ्या वाचणाऱ्यांनी ठरवावं. नवरा म्हणाला, “अगं, कुणाचा तरी घे.” मी म्हणाले, “थांब.”

संदेश आला.

‘माननीय श्री लक्ष्मी, मगदूम पशुखाद्य भांडारात आपली नोंद क्रमांक १ झाली. नोंद करणार : स्नेहल मगदूम, मालक.’

मालक हा शब्द मी पुन्हा वाचला. नावापुढं हुद्दा निवडायच्या यादीत ‘कर्मचारी’ही होतं, ‘मदतनीस’ही होतं. ती यादी मला पाठ होती. मग मी भांडीवाल्यांचा फोन उचलला.

दिवाळी आटोपल्यावर मी मगदुमांच्या दुकानात गेले. इतकं सगळं फोनवर बोलून पहिल्यांदाच. दुकानाला चार पायऱ्या होत्या. चढून वर गेले. गादीवर स्नेहल बसली होती, फोनवरून वाटली होती त्यापेक्षा बुटकी. मागच्या भिंतीला लाल वही हार घालून ठेवलेली, कोरी. आण्णासो पोत्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हुकूम सोडत होते.

“एक पोतं सरकी पेंड द्या,” मी म्हणाले. शेजारच्यांच्या म्हशीशी माझं तसं बोलणं झालं होतं.

स्नेहलनं आवाजावरून ओळखलं आणि उठायला लागली. मी म्हटलं, “बस. बिल कर.”

“कुणाच्या नावानं करू, ताई?”

“नंबर टाक. नाव येईल आपोआप.”

तिनं नंबर टाकला. नाव आलं. ती ते बघून ओठ दाबून बसली. आण्णासो पोत्यावरून उतरले, पडद्यावर वाकून त्यांनी एकेक अक्षर वाचलं आणि रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला ऐकू जाईल असे ओरडले, “बघ रं, आमच्यात लक्ष्मी सोता येऊन माल घेऊन जाती!”

मग माझ्याकडं वळून हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, म्हणाले, “पोतं घरपोच देतो. पत्ता काय घालू, बाई?”